पंधराव्या वर्षी इटली

दिवाळी झाली की घरोघरी टूर कंपन्यांच्या पुस्तिका उघडतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपणार, त्यानंतरच्या मोठ्या सुट्टीत मुलांना ‘एकदा युरोप दाखवून आणू’ असं घरात ठरलेलं असतं, आणि युरोप म्हटलं की इटली येतेच. या दिवसांत वाचक मला हमखास विचारतात, की मूल पंधरा-सोळा वर्षांचं असताना ग्रुप टूर घ्यावी की आपलं आपण जावं? हल्ली टूरला नावं ठेवायची पद्धत पडली आहे. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा, यात मुलांना काय मिळणार, असं म्हणतात. मी ग्रुप टूरच्या बाजूची आहे. मात्र ती कशासाठी घ्यायची, हे आईवडिलांना आधी स्पष्ट हवं.

इटलीत स्वतः आखणी करून फिरणाऱ्या कुटुंबाचा दिवस कशात जातो ते पाहा. गाडी कुठल्या फलाटावर लागणार, शहराच्या मध्यात बाहेरच्या वाहनांना बंदी कुठून सुरू होते, उफीत्सी सोमवारी बंद तर व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी बंद, कोलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव ओळखपत्राबरहुकूम हवं, चर्चमध्ये शिरताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईवडील दिवसभर फोनमध्ये डोकं घालून हीच कामं करत असतात. टूरमध्ये ही सगळी काळजी टूर मॅनेजर वाहतो आणि आईवडिलांचं डोकं मोकळं राहतं. माझ्या मते टूरचे पैसे याच एका गोष्टीसाठी वसूल होतात. हे मोकळं डोकं मुलांच्या वाट्याला यायला हवं.

नेमकं तेच होत नाही. बस सुटली की ओळखी होतात, अंताक्षरी सुरू होते, काका-काकूंचे गट जमतात आणि सगळ्यात मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून बसलेल्या मुलाकडे पाहून सगळे म्हणतात, ‘आजकालच्या मुलांना कशातच रस नाही.’ मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. त्या मुलाच्या जागी बसून पाहा. इटलीत ऐतिहासिक स्थळी माहिती सांगायला परवानाधारक गाइड लागतो, त्यामुळे शहर बदललं की नवा माणूस कानातल्या यंत्रातून बोलू लागतो. तो चाळीस जणांशी एकदम बोलतो, अनोळखी उच्चारांच्या इंग्रजीत बोलतो, आणि अर्ध्या तासात सात सम्राट, चार पोप आणि दोन डझन सनावळ्या सांगून मोकळा होतो. मोठी माणसं मान डोलावतात. मुलांना मान डोलावण्याची सवय अजून लागलेली नसते, इतकाच फरक.

इथे आईवडिलांचं काम सुरू होतं, आणि ते अवघड नाही. मुलांना सन सांगण्याआधी वय सांगावं. इटलीचा इतिहास तरुण माणसांनी भरलेला आहे, पण गाइड त्यांची ओळख म्हाताऱ्या संगमरवरी चेहऱ्यांनी करून देतात.

पॉम्पेईचंच घ्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि हे गाव राखेखाली गेलं, इतकं शाळेत शिकवलेलं असतं. पण त्या उद्रेकाचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन ज्याच्यामुळे आज आपल्याकडे आहे, तो धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता. उपसागराच्या पलीकडे मिसेनमला तो आई आणि मामाबरोबर राहत होता. मामा म्हणजे थोरला प्लिनी, रोमन आरमाराचा अधिकारी आणि मोठा विद्वान. डोंगरावर विचित्र ढग दिसला तेव्हा मामानं विचारलं, माझ्याबरोबर नावेतून येतोस का? मुलगा म्हणाला, मला अभ्यास आहे. मामा गेला तो परतला नाही. दुसऱ्या दिवशी मिसेनमलाही जमीन हादरू लागली, अंधार झाला, लोक रस्त्यावर धावू लागले. आई म्हणाली, तू तरुण आहेस, एकटा पळ, मी वय झालेली, मला तुझ्या वेगानं जमणार नाही. त्यानं ऐकलं नाही. तिचा हात धरून तिला चालायला लावलं. पुढे कितीतरी वर्षांनी इतिहासकार टॅसिटस याला लिहिलेल्या दोन पत्रांत त्यानं हे सगळं सांगितलं. आजही भूशास्त्रात अशा प्रकारच्या उद्रेकाला प्लिनीयन उद्रेक म्हणतात.

माझी मुलगी नववीत असताना आम्ही पॉम्पेईला गेलो होतो. बसमध्ये मी तिला ही गोष्ट सांगितली. तिनं एकच विचारलं, ‘आई, तो खरंच अभ्यास करत होता की त्याला भीती वाटली?’ पत्रात तो स्वतःच कबूल करतो, की धक्के बसत असतानाही आपण पुस्तक घेऊन बसलो होतो, आणि ते धैर्य होतं की मूर्खपणा ते आपल्याला सांगता येत नाही. हे कळल्यावर तिचा पॉम्पेईतला सगळा दिवस बदलला. दगडी रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, रस्ता ओलांडायला मधोमध ठेवलेले उंच दगड, गरम जेवण विकणाऱ्या दुकानांचे ओटे आणि त्यांत बसवलेले रांजण, भिंतींवरचा निवडणुकीचा प्रचार, हे सगळं ती स्वतः शोधत हिंडली. गाइड पुढे गेला होता. मी तिच्याबरोबर मागे राहिले.

पॉम्पेईशी मराठी मुलांचं आणखी एक नातं आहे आणि ते कुठलाही गाइड सांगत नाही. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय बाई सापडली. वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना छोट्या दासी. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, पण ती बहुधा यक्षी असावी. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत, आणि ही बाईसुद्धा दख्खनमध्येच घडली असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी मेलेल्या थोरल्या प्लिनीनंच आपल्या ग्रंथात तक्रार केली होती, की भारताच्या व्यापारापायी दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात. त्या व्यापाराची दुसरी बाजू कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात बघायला मिळते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे. इटलीच्या व्हिसासाठी धावपळ करण्याआधी मुलांना तेर किंवा कोल्हापूरला एक रविवार घेऊन जा. युरोपात गेल्यावर त्यांना आपण पाहुणे आहोत असं वाटणार नाही.

इतकं सगळं असूनही आपल्याकडच्या कित्येक टूरमध्ये पॉम्पेई नसतं आणि पिसा असतंच. मला हे पटत नाही. मनोरा हातानं पेलल्यासारखा फोटो काढण्यासाठी अर्धा दिवस जातो. ज्या मुलांचा ओढा इंजिनिअरिंगकडे आहे, त्यांना पिसात नक्की गोडी वाटेल. मनोरा १९९० पासून २००१ पर्यंत बंद होता, आणि त्या काळात ज्या बाजूला तो झुकला होता तिच्या उलट बाजूची माती पायाखालून थोडी थोडी काढून तज्ज्ञांनी त्याचा कल चाळीसेक सेंटीमीटरनं कमी केला. ही गोष्ट मुलांना सांगणारं कुणी असेल तर जा. नुसत्या फोटोसाठी जायचं असेल तर तो वेळ पॉम्पेईला द्या. रोमपासून ते सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, एका दिवसात होतं.

फ्लॉरेन्समध्ये टूरला सहसा काही तासच मिळतात आणि ते पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकात संपतात. तिथला डेव्हिड ही नक्कल आहे. अस्सल पुतळा १८७३ पासून आकादेमिया संग्रहालयात आहे. मायकेलअँजेलोनं तो सुरू केला तेव्हा त्याचं वय होतं सव्वीस. त्याआधी दोन शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेला, वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेला संगमरवराचा एक ठोकळा त्याच्या वाट्याला आला आणि तीन वर्षांत त्यातून पाच मीटरहून उंच माणूस उभा राहिला. रोमच्या सेंट पीटर्समधली पिएता त्यानं पूर्ण केली तेव्हा तो चोविशीत होता, आणि त्याची सही असलेलं ते एकमेव शिल्प आहे. प्रवेश परीक्षांच्या वाटेवर उभ्या असलेल्या मुलांना हे सांगायला हवं: दुसऱ्यांनी टाकून दिलेलं काम एखादा तरुण कुठे नेऊ शकतो, ते त्या पुतळ्यासमोर उभं राहून दिसतं. फोटोत दिसत नाही.

आता व्यवहाराचं थोडक्यात. पुस्तिकेत ‘फोटो स्टॉप’ लिहिलं असेल तर आत जायचं नाही, असा त्याचा अर्थ. पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणासमोर आतून की बाहेरून, आणि किती वेळ, हे लिहून घ्या. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. कोलोसियम, उफीत्सी, आकादेमिया, पॉम्पेई सगळी त्यात येतात. व्हॅटिकन वेगळा देश असल्यानं तिथे मुलांनाही तिकीट लागतं. बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, तो युरोपचा कायदा आहे. त्यामुळे कार्यक्रमात शहरं वाढली की संग्रहालयातला वेळच कापला जातो. व्हेनिसनं २०२४ पासून मार्गदर्शकाबरोबरच्या गटांना पंचवीस माणसांची मर्यादा घातली आहे आणि लाउडस्पीकर बंद केले आहेत. मोठा गट तिथे विभागला जातो, आणि मुलांसाठी ते चांगलंच आहे.

रोजच्या सहा-सात-आठचा, म्हणजे सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस, या शिस्तीचा मुलांना जाच होतो. त्यात त्यांचा आळस नसतो. या वयात झोपच उशिरा येते, हे शास्त्रानं मान्य केलेलं आहे. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस मुलं आपोआप पहाटे जागी होतात. मोठी संग्रहालयं त्या दिवसांत आली तर उत्तम. पुढे एखाद्या सकाळी त्यांना झोपू द्या आणि टूर मॅनेजरशी आधी बोलून दुपारी गटात सामील व्हा. आईवडिलांनी नीट मागितलं तर बहुतेक टूर मॅनेजर ही मुभा देतात.

आणि एक मोकळी दुपार पूर्णपणे मुलांच्या हाती सोपवा. नकाशा त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे. रात्रीचं जेवण बहुतेक टूरमध्ये वरण-भात-पनीरचंच असतं, म्हणून दुपारचं खाणं त्यांनी निवडावं, वजनावर विकला जाणारा पिझ्झा त्यांनी इटालियन माणसाशी बोलून घ्यावा. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायचं असेल तर आधी आरक्षण करून त्यांना पाठवा. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि घुमटाच्या दोन कवचांच्या मधून वाट जाते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली बसावं. आपल्याला न जमणारं काहीतरी आपल्या मुलांनी आपल्या देखत करावं, हा त्या प्रवासातला मोठा आनंद आहे.

फ्लॉरेन्समध्ये मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे तोही तरुणच आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, १८७० साली इंग्लंडचा प्रवास करून परतत होते. त्या प्रवासात त्यांनी इंग्रजीत डायरी लिहिली, ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये, जे त्या वेळी इटलीची राजधानी होतं, ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय वीस. परक्या शहरात हिंदू पद्धतीनं दहन करायला खास परवानगी घ्यावी लागली, आणि आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसवला गेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मांट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला. कॅशिने उद्यानाच्या त्या टोकाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘इंदियानो’ म्हणतात, जवळच्या पुलालाही तेच नाव आहे.

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात बस भरभरून माणसं फ्लॉरेन्सला जातात आणि त्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. डायरी लिहिणारा, जग बघायला निघालेला वीस वर्षांचा मराठी राजा आपल्या मुलांना माहीत असायला हवा. टूर कंपन्यांना माझी मनापासून विनंती आहे: येत्या मे महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत कॅशिने उद्यानाला एक ओळ द्या, आणि बसला तिथे पाऊण तास थांबू द्या. तुम्ही पैसे भरणार असाल, तर भरण्याआधी ती ओळ आहे का, हे विचारा.