पैशाचे अर्धच्छेद

चाकण परिसरातून वाहन कारखान्यांना वॉशर-बोल्ट पुरविणाऱ्या लघुउद्योजकाचा दर पुष्कळदा तीन दशांश स्थळांपर्यंत ठरतो. समजा, एका वॉशरचा दर २.६७५ रुपये आहे. पैशांपर्यंत आणताना शालेय नियमाने तो २.६८ व्हावा, परंतु पायथॉन या संगणकीय भाषेतील नेहमीची आज्ञा २.६७ असे उत्तर देते. चाळीस हजार नगांच्या बिलात या एका पैशाचे चारशे रुपये होतात. खरेदी-आदेशात एक रक्कम, बिलात दुसरी. मग चारशे रुपयांपायी एक लाख सात हजारांचे देयक अडकून पडते.

संगणक अपूर्णांक साठविताना अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असे निम्मे होत गेलेले तुकडेच एकत्र जोडतो. एकतृतीयांश दशांश पद्धतीत जसा कधी संपत नाही, तसा एकदशांश या तुकड्यांनी कधी पुरा होत नाही. कुठेतरी थांबावेच लागते. त्यामुळे २.६७५ ही संख्या आत अणुमात्र कमी होऊन बसते आणि पूर्णांकनात खाली घसरते.

संख्येस पुनःपुन्हा निम्मे करण्याचा विचार जैन गणितास नवा नाही. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेत आचार्य वीरसेनांनी ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा योजिली आहे. (ही टीका डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९पासून अमरावतीहून छापली जाऊ लागली, हे महाराष्ट्राने विसरू नये.) ६४चे अर्धच्छेद सहा, १०० मात्र दोनदा निम्मे होताच २५वर अडते.

गंमत अशी की, १ एप्रिल १९५७पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. तो हिशेब संगणकात तंतोतंत बसला असता; केवळ पै बसली नसती, कारण रुपयाच्या १९२ पै, आणि त्यात तिनाचा गुणक. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करणाऱ्या पिढीचे सारे अपूर्णांक यंत्राला सोयीचे होते. दशमान नाणी माणसाला सोपी झाली, यंत्राला अवघड.

उपाय जुनाच आहे: अपूर्णांक ठेवूच नये. दर सहस्रांशांत, म्हणजे २६७५ असा पूर्णांक म्हणून साठवावा आणि भागाकार अगदी शेवटी करावा. अथवा पायथॉनमधील ‘डेसिमल’ हा प्रकार वापरावा. मात्र त्यास दर अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावा लागतो. नुसती संख्या लिहिल्यास ती आधीच घटलेली असते, आणि ‘डेसिमल’ ती घट इमानेइतबारे जपून ठेवतो.