खेळाचा सांभाळ हाही एक व्यवसाय

खुलताबादचा घाट उतरून वेरूळास गेलें, म्हणजे रामेश्वर नांवाच्या एकविसाव्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळत बसल्याचें शिल्प दृष्टीस पडतें. खेळ देवादिकांनाही सुटला नाहीं, आणि खेळावरून रुसवेफुगवे होणें हेंही आजचें नव्हे. हें आठवण्याचें कारण असें कीं, हल्लीं पालक भेटले म्हणजे एकच तक्रार कानीं येते: "मुलगा मोबाइलवरच्या खेळांत बुडाला आहे, याचें पुढें व्हावें कसें?" आणि मुलास विचारावें तर तो म्हणतो, "मला त्यांतच नोकरी करावयाची आहे." यावर वडील मंडळी हंसतात. हें हंसणें मला अर्धें योग्य वाटतें व अर्धें अयोग्य.

योग्य अशासाठीं, कीं मुलाच्या मनांत 'नोकरी' म्हणजे दिवसभर खेळणें एवढाच अर्थ असतो. अयोग्य अशासाठीं, कीं या धंद्यांत चित्रकार, लेखक, संगीतकार, हिशेबनीस, संगणकाच्या आज्ञावली रचणारे असे अनेक कसबी लोक लागतात, आणि त्यांपैकीं एक काम तर आपल्याकडे फारसें कोणास ठाऊकही नाहीं. त्यास 'कम्युनिटी मॅनेजर' म्हणतात. एकाच खेळांत देशोदेशींचीं हजारों माणसें एकत्र येतात. त्या मेळाव्याचा सांभाळ करणें हें त्याचें काम. हनुमान जयंतीस भद्रा मारुतीच्या दर्शनास लोटणारी गर्दी आपण दरवर्षीं पाहतों. रांग मोडणाऱ्यास आवरणारा, हरवलेलें पोर शोधून देणारा, भांडण सोडविणारा स्वयंसेवक तेथें नसता तर काय होईल? तोच स्वयंसेवक येथें पगारी आहे, आणि गर्दी मात्र रात्रींही पांगत नाहीं. खेळाडूंच्या तक्रारी ऐकाव्या, त्यांतून खऱ्या दोषांची निवड करून त्या खेळ रचणाऱ्यांपर्यंत पोंचवाव्या, शिवीगाळ करणाऱ्यास समज द्यावी, न ऐकल्यास बाहेर काढावें, आणि कंपनीची चूक झाली असेल तर ती सरळ भाषेंत कबूल करावी. शेवटचें काम सर्वांत अवघड. शिव्या कंपनीच्या नांवानें असल्या तरी वाचाव्या यालाच लागतात.

पुण्यांतील एक उदाहरण सांगतों. अविचल सिंह, श्रुती घोष व इअन मॉड यांच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेनें 'राजी' नांवाचा खेळ रचण्यास घेतला. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधावयास निघालेल्या मुलीची ती कथा. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे रंगविलेले. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणीसाठीं हांक घातली, पण ठरविलेली रक्कम भरली नाहीं. आणि रक्कम पुरी न झाल्यास कांहींच मिळावयाचें नाहीं, असा त्या पद्धतीचा नियम! मंडळी मात्र थांबली नाहींत. १८ ऑगस्ट २०२० रोजीं खेळ बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स' या पारितोषिकांत पहिल्याच कृतीसाठीं असलेल्या विभागांत त्याचें नामांकन झालें. मधल्या तीन वर्षांत काय सोसावें लागलें असेल याची कल्पना करावी. ज्या लोकांपुढें एकदां हात पसरला व तो रिता परतला, त्यांचा लोभ टिकवून धरणें हेंच उद्योजकाचें खरें भांडवल, असें मला वाटतें.

याच्या उलट बाजूही पाहावी. मुंबईंत विशाल गोंडल यांनीं १९९९ सालीं 'इंडियागेम्स' काढली, ती वाढविली, आणि पुढें ती डिस्नेच्या हातीं गेली. असा अनुभवी मनुष्य. त्यांचाच 'फौजी' हा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजीं मोठ्या गाजावाजानंतर आला, तेव्हां अपेक्षाभंग झालेल्या खेळाडूंनीं नापसंतीचा भडिमार केला. गर्दी जमविणें सोपें, ती राखणें कठीण.

शिवाय या धंद्याची जमीन भुसभुशीत आहे, हें पालकांपासून लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली आणि त्यावर पोट भरणाऱ्या तरुणांचें उत्पन्न एका रात्रींत थांबलें. ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संसदेनें केला. त्यानंतर कित्येक कंपन्यांनीं माणसें कमी केलीं. त्या नोकऱ्या गेल्याचें दुःख मला आहे, कायद्याचें नाहीं. कर्ज काढून डाव लावणाऱ्या घरांची दैना ज्यानें पाहिली, तो जुगारास खेळ म्हणणार नाहीं. त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ यांना उत्तेजन देण्याची तरतूद केली आहे, हेंही मुलांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

तेव्हां मुलानें हा विषय काढला तर मोबाइल हिसकावूं नये आणि नवा घेऊनही देऊं नये. त्यास एक काम सांगावें: तुला आवडणाऱ्या खेळाचे नियम आजीला समजतील अशा मराठींत एका पानावर लिही, आणि त्या खेळांतला एक दोष, रागाचा एकही शब्द न वापरतां, रचणाऱ्यास कळव, तेंच पत्र मग इंग्रजींत कर. शुद्धलेखनाच्या तासास खिडकीबाहेर पाहणारा मुलगा या कामास बसला, तर त्याच्या इच्छेंत कांहीं अर्थ आहे. अर्ध्या पानावरच कंटाळला, तर त्यास केवळ खेळावयाचें आहे. खेळूं द्यावें, संध्याकाळीं, तासभर.