फिरकीची तुलना आणि मोजणीबाहेरची दहा वर्षे

सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज कोण, हा प्रश्न निघाला की क्रिकेटप्रेमी तत्काळ आकडे मांडतात. मुथय्या मुरलीधरन यांचे 133 कसोटींत 800 बळी, शेन वॉर्न यांचे 145 कसोटींत 708, अनिल कुंबळे यांचे 132 कसोटींत 619. मग दुसरा म्हणतो, मुरलीधरन यांच्या बळींपैकी 176 बांगलादेश आणि झिम्बाब्वे या दोन दुबळ्या संघांचे आहेत. वॉर्न यांचे त्या दोघांविरुद्ध अवघे 17. त्यावर तिसऱ्याचे उत्तर तयार असते. वॉर्न यांच्या दुसऱ्या टोकाला ग्लेन मॅकग्रा होता, मुरलीधरन मात्र आपल्या संघाचे ओझे एकटेच वाहत होते. भारतीय फलंदाजांसमोर वॉर्न यांना एकेका बळीसाठी सरासरी 47 धावा मोजाव्या लागल्या, तर ऑस्ट्रेलियात मुरलीधरन यांना 75. वाद मिटत नाही. पण तो निरर्थकही नाही. प्रत्येक आकड्यामागे प्रतिपक्ष कोण, खेळपट्टी कोणती, साथीदार कोण, हे विचारण्याची सवय त्यातून लागते. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवे?

तथापि या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याची तुलना आपण करतो, त्याला गोलंदाजी करण्याची संधी किती वर्षे मिळाली? आणि ज्याला ती मिळालीच नाही, त्याचे नाव तक्त्याच्या कोणत्या रकान्यात शोधायचे? हा प्रश्न ज्यांच्यामुळे टाळता येत नाही, ते गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. मुलगा प्रथम पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडण्याच्या, खेळपट्टीवर रोलर फिरवण्याच्या कामाला लागला आणि पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. पगार महिन्याला तीन-चार रुपये. तेथे जाळीत साहेबांना सराव देण्यासाठी त्याच्या हाती चेंडू आला. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित इंग्रज फलंदाज. त्यांना बाळूंनी तासन्‌तास चेंडू टाकले. बॅट मात्र हाती मिळाली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान होता, गोलंदाजी हे नोकराचे काम. डावखुऱ्या संथ फिरकीची ही तालीम अशी चाकरीतून झाली. टप्प्यावर पक्की हुकमत, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची कला आणि दिवसभर न थकता टाकत राहण्याची ताकद हे गुण समकालीनांनी नोंदवले आहेत.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळू संघात आले. मैदानात सारे एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असे न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेपाशी नव्हते. तिला बाळूंचा हात हवा होता. तो हात ज्याचा होता, तो माणूस नको होता.

हे सारे सांगून झाले की आपल्याकडील लेखक बहुधा थांबतात. अन्यायाची कथा पूर्ण होते आणि गोलंदाज मागे राहतो. मला वाटते, बाळूंचा खरा सन्मान करायचा असेल तर त्यांना त्यांच्या तोलाच्या गोलंदाजांच्या शेजारी उभे करून, कोणतीही सवलत न देता मोजले पाहिजे.

तोलाचे म्हणजे कोण? त्याच कलेचे, त्याच काळाचे. यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स 1877 चे, केंटचे कॉलिन ब्लाइथ 1879 चे. दोघेही डावखुरे संथ फिरकीपटू, दोघेही सामान्य घरातले आणि दोघेही व्यावसायिक. ऱ्होड्स यांनी 1,110 प्रथम श्रेणी सामन्यांत चार हजारांहून अधिक बळी घेतले. आजवर तेवढे कोणालाही मिळालेले नाहीत. ब्लाइथ यांनी 439 सामन्यांत 2,503 बळी घेतले आणि कसोटीत 19 सामन्यांत 100. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, ते रणांगणावर मारले गेले. बाळूंच्या नावावर 33 सामन्यांत 179 बळी आहेत. एकूण बळींचा रकाना पाहिला तर तुलना येथेच संपते.

आता दुसरे रकाने पाहू. बळीमागे धावांची सरासरी ऱ्होड्स आणि ब्लाइथ यांची सोळा ते सतराच्या दरम्यान, बाळूंची 15.21. दर सामन्यामागे बळी काढले तर ब्लाइथ 5.7, बाळू 5.4 आणि ऱ्होड्स 3.8. येथे लगेच विजयाची आरोळी ठोकू नये. ऱ्होड्स यांची कारकीर्द 1930 पर्यंत चालली. मधल्या अनेक वर्षांत ते मुख्यतः फलंदाज म्हणून खेळले, म्हणून त्यांचा हा आकडा खाली येतो. शिवाय 33 सामन्यांची सरासरी आणि हजार सामन्यांची सरासरी यांचे वजन सारखे नसते. पण या आकड्यांवरून एवढे निश्चित म्हणता येते की, बाळू या पंक्तीत कोणाच्या उपकाराने बसलेले नाहीत.

याहून मोलाचा पुरावा 1911 चा आहे. त्या उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा 35 वर्षांचे होते. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले आणि संघातील एक उत्तम फलंदाज त्यांच्या दिमतीला राहिला. 14 प्रथम श्रेणी सामन्यांपैकी 10 हरले, लीस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे दोनच जिंकले. अशा पडत्या संघाकडून, अनोळखी हवामानात बाळूंनी प्रथम श्रेणीत 75 बळी घेतले आणि दौऱ्यातील सर्व सामने धरून 114, तेही सुमारे 19 च्या सरासरीने. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी आठ गडी बाद केले. इंग्लंडच्या खेळपट्ट्या, इंग्लंडचे फलंदाज, इंग्लंडचे पंच. ऱ्होड्स आणि ब्लाइथ ज्या शाळेत वर्षानुवर्षे परीक्षा देत होते, तेथे बाळूंना एकच सत्र मिळाले आणि त्यात ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले.

आता मोजणीबाहेरच्या वर्षांकडे येऊ. ऱ्होड्स वयाच्या विसाव्या वर्षी, 1898 मध्ये, प्रथम श्रेणीत आले आणि पहिल्या पाच हंगामांतच त्यांनी हजारांहून अधिक बळी घेतले. बाळूंच्या कारकिर्दीतील प्रथम श्रेणीचे सामने सुरू होतात ते फेब्रुवारी 1906 मध्ये, मुंबईत हिंदू संघ प्रथमच युरोपियनांशी या दर्जाचा सामना खेळला तेव्हा. हिंदूंनी तो 109 धावांनी जिंकला. बाळूंनी आठ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते. म्हणजे खांदा ताजा असतो, बोटांत जोर असतो, ती विशी ते तिशीची दहा वर्षे तक्त्यात नाहीतच. त्यांचा काही भाग जाळीत साहेबांच्या सरावासाठी गेला, काही भाग अशा सामन्यांत गेला ज्यांना दर्जाच दिला गेला नव्हता.

येथे इतिहासाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. या दहा वर्षांचा सगळा हिशेब केवळ जातीच्या खाती टाकता येणार नाही. त्या काळी युरोपियनांशी वरच्या दर्जाचे सामने पारशी खेळत. हिंदू खेळाडूंना, सवर्णांनाही, तो दर्जा 1906 पर्यंत मिळाला नव्हता. दारावर दोन अडसर होते, एक साम्राज्याचा आणि दुसरा जातीचा. पहिला हळूहळू सरकला. दुसरा सरकला नाही, याचा पुरावा कर्णधारपदात सापडतो. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत अनुभव आणि कर्तृत्व असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. 1920 साली त्यांना संघाबाहेर ठेवले आणि धाकट्या भावांचा ज्येष्ठतेचा हक्क डावलला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. पुढे तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले आणि पारशांविरुद्ध कर्णधाराने मैदान सोडल्यावर काही काळ नेतृत्व त्यांच्याकडे आले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याला नाकारलेले धाकट्याने मिळवले.

संधी न मिळणे सर्वत्र सारखेच असते, असा युक्तिवाद काही जण करतात. मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांनी 589 प्रथम श्रेणी बळी घेतले, राजिंदर गोयल यांनी रणजी स्पर्धेत 637. दोघेही बाळूंप्रमाणे डावखुरे फिरकीपटू, आणि दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही. खरे आहे. पण त्यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते, 67 कसोटींत 266 बळी घेणारे. जागा एक आणि दावेदार तीन, हे दुर्दैव आहे. शिवलकरांना पॅव्हेलियनबाहेर चहा घ्यावा लागला नाही. स्पर्धेत मागे पडणे आणि स्पर्धेबाहेर ठेवले जाणे यांत जो भेद करीत नाही, त्याला गुणवत्ता हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही.

शेवटी आपल्या समाजाला अवघड वाटणारी गोष्ट. बाळू 1932 च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत होते आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. बाबासाहेब जिंकले. या कारणाने आपल्या काही व्याख्यानांतून बाळूंचे नाव गळते, तर काही ठिकाणी उलट 1937 गाळून त्यांना जगातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज ठरवले जाते. दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा वडीलधारे सांगतात, एवढ्याने स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. त्यांचे अनुयायी म्हणून आपल्याला बाळूंची पूजा करायची नाही आणि त्यांना वाळीतही टाकायचे नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? मतदानाचा निकाल निराळा आणि गोलंदाजीचा निराळा. माझा निष्कर्ष असा: बाळू पालवणकर हे आपल्या पिढीतील जगातल्या मोजक्या उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांपैकी एक होते. सर्वश्रेष्ठ होते का, हे पुराव्याने ठरवता येत नाही. आणि ते ठरवता येऊ नये अशी व्यवस्था होती, हाच त्या व्यवस्थेवरचा आरोप आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांसमोर, विशेषतः माजी विद्यार्थ्यांसमोर, म्हणून एक मागणी ठेवतो. शाळेला क्रीडासाहित्याची देणगी अवश्य द्या. पण तिच्यासोबत एक जाड धावपुस्तक द्या आणि दोन नियमांचा आग्रह धरा. वसतिगृहातील प्रत्येक मुलाला आणि मुलीला आठवड्यातून एकदा तरी चेंडू आणि बॅट दोन्ही मिळावी. केवळ चेंडू वेचण्यासाठी कोणी सीमारेषेवर राहू नये. आणि प्रत्येक सामन्याचे प्रत्येक षटक नोंदले जावे, मग तो सामना कितीही लहान असो. बाळूंची दहा वर्षे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या मुलांची लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.