कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया : जीव वाचला, पण जगणे कसे आहे?

२०२१च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण आढळू लागले. मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद बंधनकारक करायला सांगितले. आपल्या राज्याने त्याचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणले. रोज आकडे येत होते : रुग्ण किती, मृत्यू किती, अँफोटेरिसिन-बी इंजेक्शने किती. पण शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेला माणूस जेवतो कसा, बोलतो कसा, कामाला जातो का, याचा आकडा त्यात नव्हता. तो आजही सहसा कोणी विचारत नाही.

कवटीचा तळ म्हणजे काय?

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो तो कवटीचा तळ. त्याच्या खाली नाक आणि सायनस, पुढे डोळ्यांच्या खोबण्या आणि मध्यभागी पिट्युटरी ग्रंथी असते. पिट्युटरीची गाठ, इतर गाठी किंवा खोल पसरलेली बुरशी काढण्यासाठी येथे शस्त्रक्रिया होते. आता ती बरेचदा दुर्बिणीतून, नाकावाटे करतात. बाहेर टाका दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटते की सगळे ठीक आहे. आत मात्र खपल्या धरतात, वास जातो, डोके जड राहते. बुरशीच्या रुग्णांत काहींचा डोळा किंवा टाळूही काढावा लागला.

जगण्याची गुणवत्ता कशी मोजतात?

स्कॅनवर हे दिसत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते. त्यासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. ‘स्नॉट-२२’मध्ये नाक, झोप आणि मनःस्थितीचे २२ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज जितकी जास्त, तितका त्रास जास्त. खास कवटीच्या तळासाठी इस्रायलमधील डॉक्टरांनी ३५ प्रश्नांची प्रश्नावली केली. तीत रोजची कामे, ताकद, वेदना, भावना असे भाग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली कोणत्याही आजारात वापरता येते.

एकदाच मोजून उपयोग नाही. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने तेच प्रश्न विचारले, तरच फरक कळतो. पिट्युटरीच्या नाकावाटे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे नाकाचा त्रास वाढतो आणि साधारण तीन महिन्यांत तो बऱ्याच अंशी ओसरतो. हे आधी माहीत असेल तर घरचे घाबरत नाहीत. कर्करोग असेल किंवा रेडिएशन द्यावे लागले, तर सावरायला जास्त वेळ लागतो.

आपल्या भागातले प्रश्न वेगळे

या प्रश्नावल्या मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत तयार झाल्या. सुप्यासारख्या जिरायती पट्ट्यात आणखी काही विचारावे लागते. धुळीत, मळणीच्या भुसात काम करता येते का? दूध नासल्याचा, गॅस सुटल्याचा वास येतो का? एका डोळ्याने रात्री दुचाकी चालवता येते का? टाळूची प्लेट बसत नाही म्हणून माणूस लग्नाच्या पंगतीला जायचे टाळतो का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रुग्ण त्याविषयी आपणहून बोलत नाही.

मोजमापाचा सरकारी अर्थ

सरकारी कागदावर मोजले जाते ते दिव्यांगत्व. केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर दृष्टीचे दिव्यांगत्व ३० टक्के धरतात. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. म्हणजे डोळा गमावलेला माणूस बरेचदा बाहेर राहतो. टाळू गेल्यामुळे बोलणे अस्पष्ट झाले असेल, तर तपासणीच्या वेळी तेही दाखवा. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वे असतील, तर ती एकत्र धरण्याची पद्धत आहे.

घरच्यांनी काय करावे?

दर महिन्याला एका वहीत तारीख घालून हे लिहा. प्रत्येकाला ० (त्रास नाही) ते ५ (खूप त्रास) गुण रुग्णालाच देऊ द्या :

- नाक बंद होणे, खपल्या, दुर्गंधी
- वास आणि चव
- जेवणे, गिळणे, बोलणे
- दिसणे, डोकेदुखी
- झोप आणि थकवा
- काम आणि घरखर्चाची चिंता
- लोकांत मिसळणे, उदास वाटणे

फेरतपासणीला ही वही घेऊन जा. ‘बरे आहे’ एवढ्याच उत्तरापेक्षा ‘वासाला दोन महिने ५ गुणच आहेत’ हे सांगितले, तर डॉक्टरांना पुढचे पाऊल ठरवता येते : नाक धुण्याची पद्धत, नवी प्लेट, हार्मोनची तपासणी किंवा समुपदेशन.

थांबू नका

वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे गळणे, तापासोबत मान आखडणे, नजर अचानक कमी होणे, खूप तहान लागून सतत लघवी होणे, यांपैकी काहीही झाले तर वहीत लिहून वाट पाहू नका. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी बोला. ते लांब असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. मधुमेह असेल तर साखर नियमित तपासत राहा. म्युकरमायकोसिस होऊन गेलेल्यांनी तर यात अजिबात हयगय करू नये.