हजेरी घेता, मग अधिकारही द्या

कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले की कल्पकता आपोआप फुलते, हा बड्या कंपन्यांचा दावा आम्हाला मान्य नाही. सहकाऱ्यांनी एकमेकांना भेटावे, याबद्दल दुमत नाही. पण त्या भेटीतून निघालेल्या कल्पनेला होकार देणार कोण?

समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांनी २००४ मध्ये एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतील व्यवस्थापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या गटांना जोडणाऱ्यांच्या कल्पना वरिष्ठांनाच अधिक मोलाच्या वाटल्या होत्या. अमलात मात्र त्या फारशा आल्या नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या अँडी जॅसी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ज्या पत्रातून पाच दिवसांचे फर्मान काढले, त्यातच बैठकीआधीच्या बैठकांची आणि व्यवस्थापनाच्या वाढलेल्या थरांची कबुली होती, ते थर कमी करण्याचा आदेशही होता. आपल्याकडे उचलले जाते ते तेवढे फर्मान!

हिंजवडीच्या कोंडीतून रखडत आलेला अभियंता शेजारच्या विभागाशी बोलेलही. पण प्रत्येक प्रयोगाला चार वरिष्ठांची मंजुरी लागणार असेल, तर पुढच्या वेळी तो सुचलेले मनातच ठेवील. सक्ती करणाऱ्या कंपन्यांनी लहान प्रयोगांचे अधिकार आधी त्या-त्या गटाकडे सोपवावेत आणि नकार द्यायचाच तर तो ठरलेल्या मुदतीत, लेखी कारणासह द्यावा.