सोवळ्यातला हेडफोन

आमच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल सोवळं पाळलं जातं ते एका हेडफोनचं. ओल्या हातानं त्याला शिवायचं नाही, न्हाऊन केस वाळल्याशिवाय तो डोक्याला लावायचा नाही, ऐकून झालं की वरून मऊ सुती फडकं घालायचं. जयपूरला मे-जूनमध्ये पिवळी आँधी उठते. तेव्हा दोरीवरचे कपडे मागाहून, आधी हे हेडफोन आत ठेवायला धावतात!

नवऱ्याच्या एका मित्रानं तो अमेरिकेहून आणला. ‘इलेक्ट्रोस्टॅटिक’ जातीचा हा हेडफोन, कॉस कंपनीचा. ‘अगं, स्वस्तात पडला,’ असं सांगत ह्यांनी खोका उघडला. किंमत विचारली तर पाचशे डॉलरच्या आसपास. तेवढ्यात चांगला फ्रिज आला असता! पण ह्यांचंही अगदी खोटं नव्हतं. या जातीचा पहिला हेडफोन 1960 च्या सुमाराला जपानच्या स्टॅक्स कंपनीनं बाजारात आणला. आज या जातीतल्या उंची हेडफोनांच्या किमती लाखांत जातात. त्या मानानं आमचा हा गरीबच. त्याचा मूळ नमुना 1990 सालचा, त्यामुळे रूपही जुन्या वळणाचं.

पण पाचशे डॉलर म्हणजे आहे तरी काय त्यात? मी घरातल्या भाषेत सांगते. कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरला की कपटे टुणकन उडी मारून चिकटतात. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो. तीच ही स्थिर वीज. साध्या हेडफोनमध्ये तारेचं वेटोळं एका पडद्याला ढकलतं आणि आवाज होतो. इथे वेटोळं नाहीच. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा ताणून बसवलेला असतो, आपल्या केसाच्या कितीतरी पट पातळ. त्या पापुद्र्यावर सुमारे सहाशे व्होल्टचा दाब कायम ठेवतात आणि गाण्याचा विद्युतप्रवाह दोन्ही पत्र्यांना देतात. एक पत्रा ओढतो, दुसरा ढकलतो आणि सबंध पापुद्रा एकदम हलतो. त्याला वजनच नसल्यासारखं असतं. म्हणून सूर सुरू होतो तिथेच सुरू होतो आणि संपतो तिथेच संपतो.

सहाशे व्होल्ट ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. विजेचा प्रवाह अगदी नाममात्र असतो, असं ह्यांनी समजावलं. तरी मुलांना तो उघडू द्यायचा नाही, हे नक्की. आणखी एक सांगून ठेवते. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर तसाच भिंतीत खुपसला असता तर पाचशे डॉलरचा धूर झाला असता. इथल्या विजेला चालणारा वेगळा घ्यावा लागला.

याच्याबरोबर नांदणं सोपं नाही. त्याला स्वतःचा अँप्लिफायर लागतो, मोबाइलला लावून भागत नाही. वायर लांब, त्यामुळे एका खुर्चीत बसूनच ऐकायचं. धूळ किंवा दमट हवा आत गेली तर एका कानाला आवाज कमी येतो. कप कानावर दाबला की आतून ‘फर्र’ असा चमत्कारिक आवाज होतो. आणि हा पाठीमागून उघडा असतो, म्हणजे आतलं गाणं बाहेरही ऐकू येतं. ही शेवटची खोड आधी मला फार खटकायची. पुढे तिचेच उपकार झाले, ते असे.

माझे सासरे, आप्पा, मूळचे कोल्हापूरचे. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. गाण्याचे कानसेन. ‘जयपूर घराण्याचं गाणं ऐकायला जयपूरला कशाला यायचं? ते आमच्या कोल्हापुरात!’ हा त्यांचा आवडता विनोद. त्यात तथ्यही आहे. उस्ताद अल्लादिया खाँ इकडचे, उणियाऱ्याचे. पण शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई नेमलं आणि ही गायकी आपल्या मुलखात रुजली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर ही सगळी त्याच वेलीवरची फुलं. केसरबाईंची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्यातलं दुसरं यान सुटलं आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या.

हीच भैरवी ह्यांनी आप्पांना पहिल्यांदा ऐकवली. मी आधी ऐकली होती. जुन्या मुद्रणाची खरखर हा हेडफोन लपवत नाही, उलट चाळणीसारखी वेगळी काढून दाखवतो. पण त्या खरखरीच्या मागे बाई अगदी समोर बसून गात आहेत असं वाटतं. नंतर मन्सूरांचं गाणं लावलं. त्यात तानपुऱ्याच्या तारेतून उठणारी ती बारीक झिणझिण, जव्हारीतली, मला इतकी स्पष्ट कधीच ऐकू आली नव्हती.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, ‘छान आहे, पण तानपुरा कुठाय?’

आम्ही हसलो. वाटलं, चेष्टा करतायत.

त्यानंतर आप्पा रोज दुपारी ऐकू लागले. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात भाजी चिरताना मला बंदिशीचा शब्द न् शब्द ऐकू येतोय. बाहेर एवढं, तर त्यांच्या कानात किती? मी आवाज कमी केला की ते पुन्हा वाढवायचे. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि मागच्या दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम आठवल्या.

माझी मुलगी सई एकदा सांगत आली होती, ‘आप्पा, आमची सहल आहे.’ आप्पा म्हणाले, ‘कुठला महल? हवामहल?’ सगळे खो खो हसले. आप्पाही हसले. असे विनोद होत राहिले. मग हळूहळू आप्पा जेवताना बोलेनासे झाले. सई त्यांना काही सांगेनाशी झाली. ‘त्यांचं लक्षच नसतं गं आई!’ मीही म्हणायची, वय झालं, चिडचिडे झालेत. चिडचिडे नव्हते हो! त्यांना अर्धंच ऐकू येत होतं. आणि ते कोणाला कळू नये म्हणून माणूस गप्प बसला होता.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या आलेखावर खालच्या सुरांची रेघ ठीक होती, वरच्या सुरांकडे जाताना ती घसरगुंडीसारखी खाली आली होती. वयाबरोबर कान असेच उतरतात, आधी वरचे सूर जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ या अक्षरांचा जीव त्याच वरच्या सुरांत असतो आणि तानपुऱ्याची झिणझिणही तिथेच. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. माणूस म्हणतो, ‘तुम्ही सगळे पुटपुटता.’

श्रवणयंत्राला आप्पा आधी तयार नव्हते. ‘म्हातारा म्हणून शिक्का कशाला?’ तेव्हा ह्यांनी त्यांना त्यांचीच गोष्ट ऐकवली. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनानं फुटला होता, असं सांगतात. मग त्यांनी उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी गायकी घडवली आणि तीच पुढे मोठी झाली. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, ‘चला, ते यंत्र बघून येऊ.’

मैत्रिणींनो, तुमच्या घरी हा महागडा हेडफोन नसेल, पण मोबाइलचा तरी असेलच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी मर्यादा 75 डेसिबलची. आवाज तीन डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास! डेसिबल कोण मोजत बसणार? तेव्हा एक साधी खूण: कानात गाणं असताना शेजारच्याचं साधं बोलणं ओरडल्याशिवाय कळत नसेल, तर आवाज जास्त आहे. आणि घरातलं वडीलधारं माणूस टीव्ही वाढवू लागलं, भलतीच उत्तरं देऊ लागलं किंवा गप्प गप्प राहू लागलं, तर हसण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. मी दोन वर्षं हसण्यात घालवली.

आता आमचा नियम आहे. रविवारी सकाळी गाणं आधी स्पीकरवर, सगळ्यांनी मिळून ऐकायचं. हेडफोन एकट्याचा असतो, घर एकट्याचं नसतं. त्यानंतर आप्पांची पाळी, अर्धा तास, बेतानं आवाजात. कप यंत्रावरून बसवताना कधी बारीक शिट्टी वाजते, मग जरासा सरकवायचा. तानपुरा पहिल्यासारखा येतो का, असं मी विचारलं. ‘पहिल्यासारखा नाही,’ आप्पा म्हणाले, ‘पण आहे. कुठे बसलाय ते कळतं.’

परवा सई शाळेतून आली आणि दारातूनच, बूट काढता काढता, म्हणाली, ‘आप्पा, सहल आहे.’

आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, ‘कुठे? सांभरला का? मग टोपी घेऊन जा हो, उन्हाचं!’

ती बूट तसाच टाकून त्यांच्या खोलीत पळाली.