शितावरून भाताची परीक्षा

२०२४ सालच्या ऑक्टोबरांत, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अखेरच्या आठवड्यांत, वर्गांत पाऊल ठेवतांच मला रोज एकच प्रश्न ऐकूं येई : "सर, आज कोण पुढें?" ट्रंप व हॅरिस यांचा भाव कांद्याच्या भावाप्रमाणें नित्य चढे व उतरे. आपल्याकडेहि विधानसभेच्या निवडणुकीचें वारें वाहूं लागलें होतें. पालघर व बोईसर या दोन्ही मतदारसंघांत २० नोव्हेंबर रोजीं मतदान व्हावयाचें होतें.

मतचांचणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. हें शास्त्र खोटें नव्हे. परंतु हजार माणसांस विचारलें असतां उत्तरांत शेंकडा तीन इतकी चूक दोन्ही बाजूंस संभवते. मग काल ४८ व आज ४९, एवढ्यावर हर्ष वा खेद मानणें व्यर्थ होय.

शिवाय शीत कोठून काढलें, हेंहि पाहिलें पाहिजे. १९३६ सालीं 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकानें सुमारें एक कोटी पत्रिका धाडून २३ लाखांवर उत्तरें मिळविलीं. पण नांवें बव्हंशीं टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतील होतीं. भाकीत लँडन यांच्या विजयाचें; प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं. आपल्या देशांतहि १ जून २०२४ रोजीं बहुतेक अंदाजांनीं सत्ताधारी आघाडीस लोकसभेच्या साडेतीनशेंहून अधिक जागा दिल्या. ४ जूनला त्या २९३ भरल्या.

याहून मोठा धोका निराळाच आहे. तारापूरचा नाखवा आभाळ पाहून अंदाज बांधतो. त्यामुळें वारा कांहीं दिशा बदलीत नाहीं. मतदार मात्र अंदाज ऐकतो व ऐकून बदलतो. एक पालक मला म्हणाले, "मास्तर, निकाल ठरलेलाच दिसतो, कारखान्याची पाळी बुडवून एका मतासाठीं कशाला जावें?" मतदान संपण्यापूर्वींच्या ४८ तासांत अशा चांचण्या चित्रवाणीवर दाखविण्यास आपल्या कायद्यानें बंदी केली आहे, ती योग्यच होय. परंतु त्यापूर्वींचे दिवस आपण स्वतःच सांभाळावयाचे आहेत.

यासाठीं, मुलांनो, आंकडा दिसतांच किती जणांस, कोठें व कसें विचारलें, हें प्रथम विचारा, आणि "कोण पुढें?" याहून "कोण योग्य?" हा प्रश्न घरीं अधिक वेळ चर्चेंत ठेवा. त्या पालकांस मीं इतकेंच म्हटलें : शितावरून भात ओळखतां येतो खरा, पण प्रत्येक दाणा "मी नसलों तरी चालेल" म्हणूं लागला, तर पातेलें रिकामेंच राहील.